वच्छलाताईचं तिसरं लेकरू

सेनगावच्या स्टँडवर जीप भरायची वाट बघत बसले होते. ड्रायव्हर ओळखीचा. आरशातून माझ्याकडं बघत म्हणाला, "तुमाला कळलं न्हाई वाटतं. तुमच्या सरपंचीणबाई गेल्या. परवा. काविळीनं." वच्छलाताईचं सरपंचपद जाऊन पाच वर्षं होऊन गेली होती. तिच्यामागं गावानं दुसरे सरपंच बघितले, पण त्यांची नावं ह्या ड्रायव्हरला सांगता आली असती की नाही, शंकाच आहे. त्याच्या लेखी सरपंचीणबाई एकच. जीप भरली, निघाली, मी तुरीच्या शेतांकडं बघत राहिले, आणि डोक्यात पहिला विचार आला तो असा, की आता ह्याचं पत्रक कसं काढायचं? आठ-नऊ वर्षं पत्रकं लिहून हाताला दुसरं वळणच राहिलेलं नाही. काही झालं की दोषी शोधायचा आणि वर ठळक अक्षरांत त्याला जाब विचारायचा. पण काविळीला कोण जाब विचारणार? आधी गावात कुणीतरी झाडपाला पाजला, मग नांदेडला नेलं, तिथं आठवड्यात ती गेली. चाळिशीही गाठली नव्हती. आता महिना उलटला. राग काढायला माणूस सापडत नाही, म्हणून जे आठवतंय ते लिहितेय... गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिची लेकरं अजून तिथंच शाळेत जातात.

पहिल्यांदा भेटले तेव्हा मी हिंगोलीत कॉलेजला होते. आमच्या संघटनेनं एक पत्रक काढलं होतं, कुटुंब नियोजनाचं सगळं ओझं बाईच्याच पोटावर का, असा सवाल विचारणारं. ते वाटत मी तिच्या गावात पोचले. ग्रामपंचायतीत राखीव जागेवर नुकतीच निवडून आलेली सरपंच बसली होती. निळी सुती साडी, कपाळाला टिकली नाही, सातवी शिकलेली. तिनं पत्रक हातात घेतलं आणि ओळीखाली बोट धरून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. मी शेकडो पत्रकं वाटली होती, पण माझ्यासमोर पूर्ण वाचणारं ते पहिलं माणूस.

"लई चांगलं लिहिलंस," ती म्हणाली. "फकस्त ह्ये पितृसत्ताक म्हणजी काय?"

मी दहा मिनिटं समजावून सांगितलं. घर, मालकी, वंशाचा दिवा, सगळं. ती मान हलवत ऐकत होती. मग दारातून बाहेर, पारावर बसलेल्या तिच्या सासऱ्यांकडं बघून हळूच म्हणाली, "म्हणजी आमचे मामंजी. मंग तसंच लिही की! सगळ्या बायांना कळल."

त्या दिवसापासून मी तिची 'पत्रकवाली' झाले. गावात शिरले की लांबूनच हाक यायची, "आली का पत्रकवाली? आज कोनाच्या नावानं शिमगा?" मी चिडायची. ती हसायची. चहा मात्र स्वतः उठून करायची. नवरा, किसनदादा, दुसऱ्यांचे ट्रॅक्टर चालवायचा. कमी बोलणारा माणूस. सरपंचाचा नवरा म्हणून त्याला कुणी ग्रामपंचायतीत खुर्ची दिली, तर हा बाहेर जाऊन बिडी ओढत बसायचा. मराठवाड्यात असा नवरा मी तरी दुसरा बघितलेला नाही, आणि हे मी त्याला लाजवण्यासाठी लिहीत नाही.

तिच्या ऑपरेशनची गोष्ट तिनं मला सांगितली ती ज्वारी निवडता निवडता. दुसरा मुलगा झाला त्याच्या पुढच्या हिवाळ्यात. नसबंदीचं टार्गेट सरकारनं तेव्हा कागदावरून काढून टाकलं होतं म्हणे. कागदावरून काढलेली गोष्ट गावात किती दिवस जिवंत राहते, ते आमच्या भागातल्या कुठल्याही नर्सबाईला विचारा. मार्च जवळ आला की बिचारी घरोघर फिरायची. दोन लेकरं झालेली बाई म्हणजे तिच्या लेखी 'केस'. वच्छलाताईच्या घरी ती चारदा आली, पाचव्यांदा रडली. "तिलाबी वरून तकलीफ होती गं," ताई म्हणाली. "मी म्हणलं, चल बाई, रडू नको. मला तसंबी दोनच पायजे होते." शिबिरात आवारातल्या फरशीवर सतरंज्या टाकून बायका ओळीनं झोपवल्या होत्या. डॉक्टरला दुसऱ्या गावच्या शिबिराची घाई. दुपारी गाडीनं परत आणलं ते गावात नाही, फाट्यावर सोडलं. पोटाला टाके घेतलेल्या बाया एकमेकींच्या खांद्याला धरून पायी घरी आल्या. हे सगळं सांगताना ती हसत होती! म्हणाली, "आमी अशा चालून राहिलो, जशा लगनातून लई जेवून आलो." मी तिथल्या तिथं वही काढली. तिनं माझा हात धरून ती बंद केली. "लिहू नको. नर्सबाईची नौकरी जाईल, डाक्टरची न्हाई."

सरपंच म्हणून तिनं काय केलं, असं कुणी विचारलं तर मी एकच सांगेन. तिनं गावातल्या लेकरांच्या जन्माच्या नोंदी करून घेतल्या. ऐकायला किरकोळ वाटतं. पण तोवर त्या गावात मुलगा झाला की नोंद व्हायची, मुलगी झाली की 'बघू शाळेत घालताना'. आणि दोन लेकरांचा कायदा आला तशी आणखी एक चाल पडली. तिसरं लेकरू झालं, की ते भावाच्या, मेव्हण्याच्या, कुणाच्या तरी नावावर लावायचं, म्हणजे निवडणुकीला अडचण नको. लोकसंख्या कमी करायला काढलेल्या कायद्यानं आमच्या गावांतून एवढंच केलं. लेकरं कमी झाली नाहीत, आई-बाप बदलले! वच्छलाताई बाळंतिणीच्या घरी पाचव्या दिवशी जायची, लेकरू मांडीवर घ्यायची, मग ग्रामसेवकाला घरी बोलवायची आणि त्याला लेकराच्या आईचं नाव आधी विचारायला लावायची. बाळंतिणी लाजत लाजत स्वतःचं नाव सांगायच्या. कित्येकींचं नाव सासरी आल्यापासून पहिल्यांदाच कुणी मोठ्यानं विचारलं होतं.

उपसरपंचांच्या घरी मात्र तिला जाता आलं नाही. त्यांना सगळे आप्पा म्हणतात. त्यांचं तिसरं पोरगं धाकट्या भावाच्या नावावर होतं. अख्ख्या गावाला माहीत, आणि अख्खं गाव गप्प.

पद मिळून वर्ष झालं असेल. ती हिंगोलीला आली आणि मला बसस्टँडवर बोलावून घेतलं. चेहरा उतरलेला. म्हणाली, चार महिने पोटात गोळा आहे असं वाटत होतं. ऑपरेशन झालेलं, मग दुसरं काय असणार? नर्सबाईनंही तसंच सांगितलं, पित्ताच्या गोळ्या दिल्या. आज शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं. पाचवा महिना. "पोरी," ती म्हणाली, "लाथ मारतंय गं..." आणि मग आधी ती हसली, का आधी रडली, ते मला आता सांगता येत नाही. मी मात्र लगेच तापले. म्हटलं, ताई, ही केस आहे! सरकारनंच ऑपरेशन करायचं, सरकारनंच ते बिघडवायचं, आणि सरकारनंच तिसरं मूल झालं म्हणून तुला पदावरून काढायचं? आपण कोर्टात जाऊ, मंत्रालयापर्यंत जाऊ. ती उसाच्या रसाचा ग्लास हातात धरून शांतपणे ऐकत राहिली. मग म्हणाली, "आधी बाळंत होऊ दे. मंग कुटं जायचं तिकडं जाऊ."

ती माहेरी बाळंत झाली. मुलगी. माहेर कनेरगाव नाक्याजवळ. तिच्या भावजयीला मूल नव्हतं. तिनंच विषय काढला. मी त्या वेळी तिथं होते. "वन्सं, माझ्या नावावर लावा. लेकरू तुमचंच, तुमच्याकडंच ऱ्हाईल. कागदावर फकस्त माझं." तिच्या बोलण्यात लोभ नव्हता, आणि खरं सांगायचं तर वाईट हेतूही नव्हता असंच म्हणावं लागेल, कारण तिच्या डोळ्यांत पाणी होतं. सासरे तयार होते, भाऊ तयार होता. किसनदादा म्हणाला, "तू म्हणशील तसं." आणि मी? मी दोन्ही बाजूंनी विचार करत होते. ती पदावर राहिली असती तर किती कामं झाली असती! वच्छलाताईनं हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. पोरीला छातीशी धरून सासरी परत आली.

मग जे झालं ते तिनंच मला सांगितलं. कामावर रुजू झाल्याच्या दुसऱ्या दिवशी ती ग्रामपंचायतीत बसली होती. आप्पाही होते, चार माणसं होती. आप्पांचं ते तिसरं पोरगं, तीनेक वर्षांचं, धावत आत आलं आणि त्यांच्या धोतराला धरून म्हणालं, "बाबा, बोरं!" आप्पांनी त्याच्याकडं नुसतं बघितलं. मारलं नाही, रागावले नाहीत. पोरगं थबकलं. हात सोडला. आणि दोन पावलं मागं सरून, शिकवल्यासारखं, म्हणालं, "काका... बोरं."

"तवाच ठरलं माझं," ताई म्हणाली. "एवढुसं लेकरू. नीट बोलायला यायच्या आधी त्याला खोटं बोलायला शिकावं लागलं."

ती तशीच उठली, घरी गेली, पोरीला घेऊन परत आली आणि ग्रामसेवकापुढं उभी राहिली. तो भला माणूस. त्यानं आजूबाजूला बघून हळूच सांगितलं, "ताई, एकवीस दिवस असतात. अजून आठ हायेत. इचार करा. एकदा लिहिलं की मला खोडता येनार न्हाई."

"म्हनूनच लिहा," ती म्हणाली. "सुजाता. आईचं नाव वच्छला. मी तुमाला कितीकदा विचारायला लावलं असंल हो, दुसरीचं नाव? आज माझं लिहा."

पंधरा दिवसांत तक्रार झाली. अर्जासोबत त्याच नोंदीची खरी नक्कल जोडलेली. अर्ज कुणी केला ते सांगायची गरज नाही. ज्यांच्या घरात तिसरं लेकरू 'काका' म्हणत होतं, त्यांनीच!

आता माझी चूक. ती लिहिल्याशिवाय ह्या लेखाला अर्थ नाही. सुनावणीच्या आधी मी एक पत्रक काढलं. माझ्या मते ते मी लिहिलेलं सगळ्यात जोरदार पत्रक होतं. मधोमध सुजाताचा फोटो, झबल्यातला, आणि वर मथळा: 'फसलेल्या ऑपरेशनचं लेकरू विचारतंय...' खाली सरकारला अकरा प्रश्न. आमच्या वकिलांनाही आवडलं. त्यांचा मुद्दा तोच होता. हे मूल आईला नको होतं, सरकारच्या चुकीनं ते तिच्यावर लादलं गेलं, असं तिनं सुनावणीत सांगावं. सहानुभूतीनं विचार होईल. मी सकाळच्या बसनं गठ्ठा घेऊन गावात गेले. शाळेपाशी, पिठाच्या गिरणीवर, फाट्यावरच्या हॉटेलात, अर्ध्या तासात सगळ्या प्रती वाटल्या आणि शेवटची तिच्या हातात दिली.

तिनं नेहमीसारखं ओळीखाली बोट धरलं. पण ह्या वेळी बोट पहिल्या ओळीवरच थांबलं.

"ह्ये कोन?"

"ताई, सुजाता. तुझीच—"

"व्हय. माझी. मंग फसलेलं काहून लिहिलंस?"

मी म्हटलं, फसलेलं ऑपरेशन आहे, लेकरू नाही. मी व्याकरण सांगायला लागले. तिनं ऐकून घेतलं. मग पोरीला माझ्या मांडीवर ठेवलं, अशी की माझे दोन्ही हात अडकले. "ही सहा-सात वर्सांची होईल. वाचायला शिकंल. कोनाच्या तरी माळ्यावर ह्ये तुझं पत्रक घावंल. तवा ती मला विचारंल, आई, मी फसलेली हाय का? काय सांगू? सरकारी मानूस लेकराला तिसरं म्हणतो, आप्पा पुरावा म्हणतो, तू फसलेलं म्हणतीस. तिला लेकरू म्हणायला कोनी हाय का न्हाई?" आवाज चढला नाही. "तुझं भांडन बराबर हाय, पत्रकवाले. पन ते माझ्या पोरीच्या अंगावरून नेऊ नको."

मला राग आला. खरं सांगते, तेव्हा तिचाच राग आला. एवढी मोठी लढाई, आणि ही एका शब्दासाठी अडते! मग मांडीवरच्या त्या पोरीनं माझी ओढणी तोंडात घातली... मी उठले आणि पत्रकं परत गोळा करायला निघाले. पत्रक वाटायला अर्धा तास लागतो. परत मागायला मला तीन दिवस लागले. लोक द्यायला तयार नव्हते. "फुकट दिलं अन् आता वापस?" गिरणीवाल्यानं डब्यात घातलं होतं, एका म्हातारीनं भिंतीतल्या देवळीत नीट घडी करून ठेवलं होतं, हॉटेलवाल्यानं त्यात भजी बांधून दिली होती. ती भजी खाऊन कुणी औंढ्याला गेलं, त्याच्या मागं मी जाऊ शकले नाही. सगळी मिळाली नाहीत. जी मिळाली ती ताईनं चुलीत घातली आणि त्याच चुलीवर माझ्यासाठी चहा टाकला.

सुनावणी हिंगोलीच्या कचेरीत झाली. वकिलांनी ऑपरेशनचा दाखला पुढं ठेवला. सुनावणी घेणारे साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी स्वतःहून विचारलं, "बाई, हे मूल तुम्हाला नको होतं, असं तुमचं म्हणणं आहे ना? तसं लिहून घेऊ का?" वकिलांनी मान हलवून तिला खुणावलं. पोरगी किसनदादाच्या कडेवर, दारात. ती झोपली होती, तिला ऐकू जाण्याचा प्रश्नच नव्हता. वच्छलाताईनं दारापर्यंत नजर टाकली आणि म्हणाली, "ऑपरेशन फसलं, ह्ये लिहा साहेब. शिबिरात काय झालं तेबी सांगते, लिहा. लेकरू नको होतं, ह्ये लिहू नका. ते खरं न्हाई." साहेबांनी पेन खाली ठेवलं. कायद्यात अशी सवलत नाही, एवढंच म्हणाले. तिनं त्यांना हवं ते म्हटलं असतं तरी निकाल तोच लागला असता, असं आता मला वाटतं. तेव्हा मात्र शक्यता आहे असं आम्हां सगळ्यांना वाटत होतं, तिलाही. ती शक्यता तिनं तिथं, टेबलापाशी, सोडून दिली. पद गेलं. आप्पांनी कारभार घेतला. आणि नियमानं बघाल तर काहीही चुकीचं घडलं नव्हतं! ह्या कायद्यानं आमच्या भागात किती बायांना असंच घरी बसवलं, आणि लेकरं लपवणारे किती जण खुर्चीवर राहिले, हे मी सभांमधून ओरडून सांगत असते. इथं ओरडत नाही.

घरी बसली मात्र नाही ती. शाळेत खिचडी शिजवायला बाई हवी होती, तिनं अर्ज केला. सुरुवातीला काही घरांनी आपल्या पोरांना डबे दिले, तिच्या हातचं नको म्हणून.  तिनं फोडणीत लसूण वाढवला. आठवड्याभरात डबे बंद झाले. मी भेटायला गेले की म्हणायची, "तिकडं सह्या करून हात दुखायचा, इकडं चाटू फिरवून दुखतोय. पन हितं पोट भरलेलं दिसतं तरी." मला अजून तिच्यासाठी काहीतरी करायचं होतं, पुढच्या निवडणुकीत कुणाला तरी पाडायचं होतं. ती म्हणायची, पत्रकवाले, जेवून घे.

गेल्या आठवड्यात मी गावात गेले. घरी किसनदादाला भेटले, ताईच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होऊन गेला होता. तो म्हणाला, पोरं शाळेत आहेत, तिकडंच जा. दुपारची सुट्टी झाली होती. शेडमध्ये नवी बाई पातेल्यापाशी बसलेली, समोर ताटल्या घेतलेल्या पोरांची रांग. आणि रांगेतलं प्रत्येक पोरगं ताटली पुढं करताना काहीतरी म्हणत होतं. जवळ गेले तेव्हा ऐकू आलं. "कांताचा." "जनाबाईची." "रुक्मिणचा." मी नव्या बाईला विचारलं, हे काय? ती म्हणाली, "वच्छलाबाईंनी लावलेली सवय हाय. कोनाचं लेकरू ते सांगायचं, मंगच वाढायचं. बापाचं नाव न्हाई, आडनाव न्हाई, आईचं. मी म्हणलं आता असू द्या, मला काही पाठ न्हाई, तर पोरं ऐकंनात. न विचारता वाढलं तर ताटली मागं घेतात." कधी लावली, का लावली, ह्याचा तिला पत्ता नव्हता. आठ-नऊ वर्षांचा एक गोरा, चपळ मुलगा पुढं आला. चेहऱ्यावरून मी त्याला ओळखलं, अगदी आप्पा. कागदावर ज्या काकूचा तो मुलगा आहे, तिचं नाव त्यानं घेतलं नाही. "शांताचा," म्हणाला, जन्म दिलेल्या आईचं नाव, सहज, आणि ताटली घेऊन पळाला.

त्याच्यामागं तीन पोरं सोडून सुजाता होती. पहिलीत आहे. दोन वेण्या किसनदादानं घातल्या असाव्यात, एक वर, एक खाली. तिनं मला बघितलं, पण रांग सोडली नाही. नव्या बाईनं तिला बघून हात थांबवला, विचारू नये असंच तिला वाटलं असणार, आणि तिनं न विचारताच चाटू पुढं केला. पोरीनं ताटली मागं घेतली.

"वच्छलाची," ती म्हणाली. मग पातेल्यात डोकावून, "अन् मला खालची, करपलेली पायजे."